छपराचा हिशेब, बिलाचा हिशेब

घरावर सोलर बसवायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती टक्क्यांचं पॅनेल घ्यावं?” एका विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर 21.3 असते, दुसऱ्याच्या 22.5, तिसरा 23 च्या पुढचा आकडा ठळक छापतो, आणि घरातले कुणीतरी त्या दशांशचिन्हापुढच्या आकड्यासाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजायला तयार होते. हे पुस्तक त्या प्रश्नातून निघाले आहे. त्याचे थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकतो. कार्यक्षमतेच्या टक्केवारीने गच्चीवरची जागा वाचते. बिल किती वाचेल ते मुख्यतः दुसऱ्याच गोष्टी ठरवतात. त्या गोष्टी कोणत्या, कोणत्या घरात त्यांना किती वजन द्यायचे आणि टक्केवारी खरोखरच निर्णायक कुठे ठरते, हे सांगायला मात्र अख्खे पुस्तक लागले.

पॅनेलवर पडलेल्या उन्हापैकी जेवढ्या भागाची वीज होते, ती त्याची कार्यक्षमता. ती जगभर एकाच कसोटीवर मोजतात: चौरस मीटरला 1000 वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान 25 अंश सेल्सिअस. या कसोटीवर 20 टक्क्यांचे एक चौरस मीटर पॅनेल 200 वॉट देते. पॅनेलच्या पाठीवर छापलेला 545 वॉटचा आकडाही याच कसोटीतून येतो, म्हणजे वॉटमध्ये कार्यक्षमता आधीच धरून झालेली असते. काही वर्षांपूर्वी ज्यांनी सोलर बसवले त्यांच्या गच्चीवर बहुधा 335 वॉटची ‘पॉली’ पॅनेल आहेत, कार्यक्षमता 17 टक्क्यांच्या आसपास. तीन किलोवॉटसाठी ती नऊ लागत आणि जवळपास 190 चौरस फूट काच वर चढे. आज 23 टक्क्यांची पॅनेल घेतली तर तेच तीन किलोवॉट 140 चौरस फुटांत बसतात. दोन्ही संच एकाच गच्चीवर, एकाच दिशेला, सारख्याच उतारावर ठेवले तर वर्षाअखेरीला युनिटांचे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ येतील. मुख्य फरक राहतो तो पन्नास चौरस फुटांचा.

शेतीशी संबंध असलेल्या माणसाला हे समजवावे लागत नाही. कार्यक्षमता म्हणजे एकरी उतारा. ज्याच्याकडे वीस एकर आहेत त्याचा उतारा थोडा कमी आला तरी कोठार भरते. ज्याच्याकडे दहा गुंठेच आहेत त्याला उतारा वाढवल्याशिवाय गत्यंतर नसते. सोलापूर-लातूरकडच्या बंगल्याची मोकळी गच्ची पहिल्या प्रकारातली आहे. मुंबईतल्या वीस मजली इमारतीची गच्ची दुसऱ्या प्रकारातली. तिथे लिफ्टची खोली, टाक्या, अग्निशमनाचे पाइप आणि मोबाइलचे मनोरे यांतून उरलेल्या जागेवर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरती वीज काढायची असते. त्या सोसायटीने जास्त टक्क्यांच्या पॅनेलला जरूर जास्त पैसे मोजावेत. बंगल्याच्या मालकाने मोजण्याआधी दोनदा विचार करावा. जास्त कार्यक्षमतेने लोखंडी सांगाडा, वायर आणि मजुरी थोडी कमी होते, तो फायदा दोघांनाही मिळतो, पण तो विक्रेत्याने दिलेल्या एकूण किमतीत दिसला पाहिजे.

उतारा वाढवण्याची ही धडपड जुनी आहे. 1839 मध्ये फ्रान्सच्या एडमंड बेकरेल यांना उजेडामुळे द्रावणातल्या पत्र्यांमध्ये वीज निर्माण होते असे आढळले. 1883 मध्ये अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमवर सोन्याचा अतिपातळ थर देऊन सेल बनवला, तेव्हा उन्हाचा जेमतेम एक टक्का हाती लागत होता. आजच्या पॅनेलची वंशावळ मात्र 1954 पासून मोजावी लागते. त्या वर्षी बेल प्रयोगशाळेत डॅरिल चेपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सेल जगापुढे ठेवला. कार्यक्षमता होती सहा टक्क्यांच्या घरात, आणि किंमत अशी की तो परवडला फक्त अंतराळाला. 1958 चा व्हॅनगार्ड-1 उपग्रह त्याच जातीच्या सेलवर चालला. सौरविजेला जमिनीवर आणले ते 1973 च्या तेलसंकटाने. भारतातही लवकरच काम सुरू झाले होते, हे आपण विसरतो. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने 1977 मध्येच देशातला पहिला सौर सेल तयार केला.

दरम्यान 1961 मध्ये विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर यांनी गणिताने दाखवून दिले होते की एकाच जोडाचा सेल, पदार्थ कोणताही घ्या, उन्हाच्या सुमारे एक तृतीयांशापेक्षा जास्त वीज देऊ शकत नाही. सिलिकॉनची मर्यादा 29 टक्क्यांच्या थोडी पुढे येते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने 1985 मध्ये 20 टक्क्यांचा टप्पा ओलांडला, आणि पुढे ‘पर्क’ नावाने घरोघरी पोहोचलेली रचना त्याच गटाची. आता बाजारात तिची जागा टॉपकॉन घेते आहे, हेटरोजंक्शनही आहे, आणि प्रयोगशाळेतला सिलिकॉनचा सेल 27 टक्क्यांवर गेला आहे. पुढची झेप सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर चढवणाऱ्या जोडसेलांची असेल. 2009 मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या पहिल्या पेरोव्हस्काइट सेलची कार्यक्षमता चार टक्क्यांहून कमी होती. जोडसेल आज 33 टक्क्यांपुढे गेले आहेत. ऊन, दमट हवा आणि पावसात ते पंचवीस वर्षे टिकतील का, हे सिद्ध व्हायचे आहे. “नवीन तंत्रज्ञान येतंय, थांबू या” म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की प्रयोगशाळेतला विक्रम गच्चीवर यायला पर्कच्या बाबतीत तीसेक वर्षे गेली. तोवर बिले भरायचीच आहेत.

या विषयात काम करणाऱ्यांचे ढोबळमानाने चार प्रवाह आहेत, आणि बातम्यांमध्ये त्यांतला पहिलाच सारखा दिसतो. तो म्हणजे सेलची कार्यक्षमता वाढवणाऱ्यांचा, ज्याची गोष्ट आत्ता सांगितली. दुसरा प्रवाह किंमत खाली आणणाऱ्यांचा. जर्मनीने 2000 साली कायदा करून छपरावरच्या विजेला वीस वर्षे बांधील दर दिला, मागणी वाढली, चीनमध्ये कारखाने उभे राहिले. जगातले एकूण उत्पादन दुप्पट झाले की पॅनेलची किंमत साधारण वीस टक्क्यांनी उतरते, असे रिचर्ड स्वान्सन यांनी नोंदवले होते, आणि तो कल अनेक दशके टिकला. सामान्य घराला सोलर परवडू लागले त्याचे श्रेय मी विक्रमी सेलांपेक्षा या स्वस्ताईला जास्त देतो.

तिसरा प्रवाह संपूर्ण संचाकडे पाहणाऱ्यांचा आहे. पॅनेलवर छापलेल्या वॉटांतून कसोटीच्या हिशेबाने जेवढी वीज निघायला हवी, त्यातली प्रत्यक्ष मीटरपर्यंत किती पोहोचली, हा त्यांचा प्रश्न. उष्णता, धूळ, सावली, वायर आणि इन्व्हर्टर यांत झिरपून चांगल्या संचातही पाऊणशे ते ऐंशी टक्केच उरते. आयआयटी मुंबईत 2010 मध्ये सुरू झालेल्या प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या साथीने देशभर फिरून जुन्या पॅनेलची तपासणी केली. उष्ण प्रदेशांत पॅनेल लवकर झिजतात, हे अपेक्षितच होते. पण मोठ्या प्रकल्पांपेक्षा लहान आणि छपरावरच्या संचांची झीज जास्त आढळली, ही बाब घरमालकाने गांभीर्याने घ्यावी. पॅनेल तेच असते. बसवणाऱ्याची घाई, छपराला चिकटवून ठोकलेला सांगाडा, खालून हवा न खेळणे आणि नंतर कुणीच न पाहणे, ही लहान संचांची दुखणी आहेत.

चौथा प्रवाह म्हणतो, आधी वापर बघा. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने उपकरणांची कार्यक्षमता आणि वीजदर या विषयांवर वर्षानुवर्षे काम केले आहे, आणि हे पुस्तक लिहिताना त्या विचारपद्धतीचे ऋण मी पदोपदी अनुभवले. साधे गणित करून पाहा. जुना छताचा पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. चार पंखे दिवसाला बारा तास चालत असतील तर महिन्याला साधारण 65 युनिट वाचतात. महाराष्ट्रात एक किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देते, महिन्याला 120. म्हणजे चार पंखे बदलल्याने अर्ध्या किलोवॉटचे काम झाले. गरम पाण्याचेही तसेच. छपरावरचा सोलर हीटर उन्हातली निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता पाण्यात उतरवतो. उन्हाची आधी वीज करून तिने गीझर तापवणे हा त्यामानाने लांबचा रस्ता. पुण्यात इतक्या इमारतींवर हे हीटर आहेत, आणि दुरुस्तीअभावी त्यांतले कितीतरी कोरडे पडले आहेत. नवे पॅनेल घेण्याआधी ते चालू करून घ्यावेत, असे मी प्रत्येक सोसायटीला सांगतो.

माझा कल तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाहाकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याची कारणे गच्चीवर गेल्यावर कळतात.

मे महिन्याच्या दुपारी बारा वाजता पॅनेलच्या काचेवर हात ठेवून पाहा, ठेववणार नाही. आत सेलचे तापमान साठ अंशांपर्यंत सहज जाते. पर्क पॅनेल 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे 0.35 टक्का शक्ती गमावते, म्हणजे साठ अंशांना बारा टक्के गेले. टॉपकॉनमध्ये हा दर 0.3 च्या आसपास असतो आणि हेटरोजंक्शनमध्ये 0.25 च्या, म्हणून त्याच क्षणी त्यांचे नुकसान साडेदहा आणि पावणेनऊ टक्के. विदर्भातल्या उन्हाळ्यात हा फरक मोलाचा आहे. माहितीपत्रकावर टक्केवारीच्या खाली बारीक अक्षरात छापलेला हा तापमान गुणांक नागपूर-चंद्रपूरच्या माणसाने टक्केवारीच्याही आधी वाचावा. पॅनेल आणि छप्पर यांत हातभर अंतर ठेवले, खालून वारा वाहू दिला, तर काही अंश फुकटात कमी होतात.

सावलीचे नुकसान यापेक्षा मोठे आणि कळायला अवघड. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे सावलीत गेलेला एक सेल पुढच्यांची वाट अडवतो. पॅनेल वाचावे म्हणून आत बहुधा तीन बायपास डायोड असतात. एका सेलवर सावली आली तरी पॅनेलच्या तिसऱ्या भागापर्यंत उत्पादन त्या वेळेपुरते बंद पडू शकते. आता आपल्याकडची नेहमीची गच्ची डोळ्यांपुढे आणा. दक्षिणेच्या कोपऱ्यात चौथऱ्यावर काळी प्लास्टिकची टाकी, सगळे मिळून आठ फूट उंच. मोजमाप घ्यायला माणूस मे महिन्यात येतो. सूर्य डोक्यावर, टाकीची सावली टाकीच्याच पायाशी. तो टाकीला खेटून उत्तरेला पहिली रांग आखतो. डिसेंबरात पुण्याला दुपारी सूर्य दक्षिणेकडे झुकून अठ्ठेचाळीस अंशांवरच राहतो आणि त्याच टाकीची सावली सात फूट लांब उत्तरेला पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. 23 टक्क्यांचे पॅनेल असो की 20 चे, ती रांग हिवाळाभर आजारी. टाकी उत्तरेला हलवायला प्लंबर जेवढे पैसे घेतो, तेवढ्यात इतकी वीज मिळवून देणारे दुसरे काम मला माहीत नाही.

कोकण आणि गोव्यात प्रश्न वेगळे आहेत: नारळ-आंब्यांची सावली, उतरती कौलारू छपरे, सांगाड्याला खाणारी खारी हवा आणि जुलै-ऑगस्टात निम्म्यावर येणारे उत्पादन. त्या भागासाठी वर्षाची सरासरी धरूनच विचार करावा लागतो. मराठवाड्यात धूळ. कबुतरे सगळीकडे.

आता बिल. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांना एक दर, 101 ते 300 ला त्याहून बराच जास्त, 300 च्या पुढे आणखी चढा. सोलरने वाचलेले युनिट बिलातून कापले जाते ते वरून, म्हणजे सर्वांत महागडे युनिट आधी जाते. महिन्याला 350 युनिट वापरणाऱ्या घराने एकच किलोवॉट बसवले तर 300 च्या वरचे पन्नास आणि मधल्या टप्प्यातले सत्तर युनिट गेले. दुसऱ्या किलोवॉटला मधल्या टप्प्यातलेच युनिट उरतात, तिसरा बराचसा स्वस्त टप्प्यात शिरतो. केंद्राचे अनुदानही असेच उतरते: पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000, आणि त्यापुढे काही नाही. म्हणून पहिला किलोवॉट सर्वांत कमावता, आणि पाचवा अनेकदा कर्जाच्या हप्त्यालाही पुरत नाही. नेट मीटरमध्ये शिल्लक राहिलेले युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण 31 मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांना किरकोळ दर मिळतो. स्थिर आकार तर शून्य वापरालाही भरावा लागतो. “बिल शून्य” या जाहिरातीवर विसंबून गरजेच्या दुप्पट संच बसवलेली घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांची फसगत थांबावी ही या पुस्तकामागची एक तळमळ आहे.

हे आत्ताच लिहायची निकड आहे, कारण निर्णय घेणाऱ्यांची संख्या एकदम वाढली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये 75,021 कोटी रुपयांची पीएम सूर्यघर योजना आली. उद्दिष्ट एक कोटी घरांचे. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. केंद्राने 2023 मध्ये मान्यताप्राप्त पॅनेलच्या यादीसाठी किमान कार्यक्षमतेची अट घातली, छपरावरच्या पॅनेलना ती 19.5 टक्के आहे. म्हणजे अनुदानातून घेतलेले पॅनेल मुळातच बऱ्यापैकी असते, आणि ग्राहकासमोरचा वाद उरतो तीन-चार टक्क्यांचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने फ्रिज-एसीसारखे तारे पॅनेलनाही द्यायची योजना त्याच वर्षी जाहीर केली. 2023 च्याच केंद्रीय नियमांनी वेळेनुसार वीजदराची दिशा ठरवली: उन्हाच्या तासांत स्वस्त, संध्याकाळी महाग. दुपारी ग्रिडला दिलेल्या युनिटाचे मोल संध्याकाळी घेतलेल्या युनिटाइतके पुढे राहीलच असे धरून चालता येणार नाही. पंप, वॉशिंग मशीन, गीझर दुपारी चालवण्याची सवय लावलेल्या घराला हा बदल कमी झोंबेल.

एक खंतही नोंदवतो. भाड्याने राहणारे, चाळीतले, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने गच्ची अडवलेले, अशा लाखो कुटुंबांना यातले बहुतेक लाभ मिळत नाहीत. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी अनुदान आहे, त्याची वाट या पुस्तकात तपशिलाने दाखवली आहे. पण ज्यांना छप्परच नाही त्यांच्यासाठी पंखे, दिवे आणि फ्रिज यांवरची प्रकरणेच कामाची आहेत, म्हणून ती परिशिष्टात न टाकता सुरुवातीला घेतली.

पुस्तक कुणासाठी, तर तीन प्रकारच्या वाचकांसाठी: स्वतःच्या घरावर संच बसवू पाहणारे, सोसायटीच्या सभेत चार कोटेशने मांडावी लागणारे सेक्रेटरी, आणि आयटीआयमधून बाहेर पडून या धंद्यात उतरलेली मुले. तिसऱ्या वाचकाबद्दल मला विशेष आस्था आहे, कारण पंचवीस वर्षे चालणाऱ्या संचाचे भवितव्य त्याच्या एका दिवसाच्या कामावर ठरते. शेतीपंप हा स्वतंत्र विषय असल्याने वगळला आहे, आणि बॅटरीचा विचार भारनियमन होणाऱ्या घरांपुरताच केला आहे. कोणत्याही कंपनीची शिफारस इथे सापडणार नाही. पॅनेलचे माहितीपत्रक, हमीपत्र आणि कोटेशन ओळीओळीने कसे वाचायचे ते सापडेल.

विजेचे दर आणि अनुदानाचे नियम बदलत राहतात, म्हणून उदाहरणांत रकमेऐवजी शक्य तिथे युनिटच ठेवले आहेत. वाचायला बसताना गेल्या बारा महिन्यांची बिले, गच्चीचे मोजमाप आणि एक पेन्सिल जवळ असू द्यावी. कोष्टकांतले उजवीकडचे रकाने तुमच्या आकड्यांसाठी मोकळे सोडले आहेत.